परसातल्या तळ्याचा तपास

“पाणी नुसतं बघून कळत नाही रे, गाढवा! पाण्याला विचारावं लागतं!”

पंपांच्या घरघरीवर चढलेला तो आवाज पाणीसाहेबांच्या कानात अजून जसाच्या तसा होता. मिसरूड फुटायच्या वयात ते जलशुद्धीकरण केंद्रात चिकटले, तेव्हा तिथल्या थोरल्या साहेबांनी काचेची नळी त्यांच्या नाकासमोर नाचवत ही शिकवण दिली होती. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत पाणीसाहेब पाण्याला विचारतच राहिले. अख्ख्या शहराचं पाणी त्यांच्या नजरेखालून वाहिलं. निरोपाची भेट काय हवी म्हणून विचारलं, तर त्यांनी आपली जुनी तपासणीची पेटीच मागून घेतली. लोक पाहुण्यांना नातवंडांचे फोटो दाखवतात, पाणीसाहेब परीक्षानळ्या दाखवत!

असा माणूस घरात असताना परसातल्या तळ्यातले सोनेरी मासे मरावेत? हा तर सरळसरळ अपमान होता!

“काळजी करू नका!” पहिला मासा उलटा तरंगला तेव्हाच त्यांनी छातीवर हात मारून जाहीर केलं. “गुन्हा पाण्यात घडलाय आणि तपासाला मी आहे! चोर पकडून तुमच्यासमोर उभा करतो!”

“चोर कसला?” त्यांची बायको म्हणाली. तिला सगळी गल्ली काकू म्हणायची. “मासा मेलाय हो. चोरीला नाही गेला.”

“बरं, खुनी म्हण! खुनी!”

तळं होतं सुनेचं. नवी नवरी घरात आली ती मांडीवर पाण्यानं भरलेला डबा घेऊन, आणि डब्यात माहेरचे मासे. तिच्या वडिलांनी, अप्पांनी, पोटच्या पोरीसारखेच वाढवलेले. नवरा नोकरीपायी सतत फिरतीवर. मग तिनं एकटीनंच परसात खड्डा खणला, दगड रचले, कमळाची पानं सोडली. सकाळचं ऊन पाण्यात उतरलं की वाटायचं, कुणी निखारे धुवायला टाकलेत आणि ते विझायचं नाव घेत नाहीत. तिच्याशी काय बोलावं हे पाणीसाहेबांना कळत नसे, पण तळं पाहून ते एवढंच म्हणाले होते, “पाण्याची काळजी तू करू नकोस. पाणी माझ्याकडे लागलं.” त्या एका वाक्यानं सुनेला सासर आपलं वाटलं होतं.

आणि आता एकेक निखारा विझत चालला होता.

पहिला संशय बोक्यावर. पाणीसाहेबांनी त्याला भिंतीवर गाठून हातातली छत्री रोखली. बोक्यानं जांभई दिली.

“बाबा,” सून हळूच म्हणाली, “बोका असता तर त्यानं खाल्ला असता ना? मारून परत पाण्यात कशाला ठेवेल?”

“हं. म्हणजे त्याला साथीदार आहे!”

दुसरा संशय फाटकाच्या रंगावर. फाटक खरवडून झालं. तिसरा संशय कमळाच्या पानांवर. पानं उपटून झाली. दिवाणखान्यात परीक्षानळ्यांची रांग लागली. पाण्यात आम्ल नाही, साबण नाही, शिसं नाही, गटाराचा टिपूससुद्धा नाही! प्रत्येक नळी निर्दोष निघाली की पाणीसाहेब जास्तच भडकत. पुरावा मिळत नाही म्हणजे खुनी शिकलेला आहे!

स्वयंपाकघरात काकू भांडी घासत होती. जात्यावरच्या गाण्यांचा तिचा वारसा. मनातलं सरळ बोलायचं नसलं की तिला ओव्या सुचायच्या.

“पाणी बापडं साधंसुधं, त्याचा कुणी गं केला छळ,
मासा म्हणे पाण्याला, माझ्या डोळ्यांत आली कळ...”

“गाणी काय म्हणतेस! घरात खून पडतायत!” पाणीसाहेब ओरडले. गाण्यातले शब्द ऐकायची सवय त्यांना लग्नापासून नव्हती.

आणि मग त्यांना तो माग सापडला. कुंपणातल्या फटीपासून थेट स्वयंपाकघराच्या मागच्या दारापर्यंत, तळ्याच्या अगदी काठाकाठानं, ओल्या ठिपक्यांची रांग! सकाळी ताजी, ऊन चढलं की गायब! दुसऱ्या दिवशी पाहिलं तर पुन्हा ताजी!

कुंपणापलीकडे कोण? तर दातवाले डॉक्टर!

पाणीसाहेबांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या डॉक्टरांनी एकदा त्यांची दाढ काढताना “थोडंसं दुखेल हं” असं सांगितलं होतं. ते थोडंसं नव्हतं! जो माणूस दाढेच्या बाबतीत इतकं धडधडीत खोटं बोलतो, तो माशांना सोडेल?

“रोज पहाटे येतो,” त्यांनी जेवताना आवाज खाली आणून सांगितलं. “बादलीतून विष आणतो. तोंड धुवायची ती गुलाबी औषधं असतील. तळ्यात ओततो आणि वर आपल्या मागच्या दारापर्यंत येऊन आपण झोपलोय ना बघून जातो! काय हा निर्ढावलेपणा!”

काकूचा घास हातातच राहिला. “डॉक्टर? छे हो! देवमाणूस आहे तो!”

“देवमाणूस! तुला काय माहीत त्याचं?”

काकूनं पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला.

“बाबा,” सून ताटाकडे बघत म्हणाली, “रविवारी अप्पा येतायत. मासे बघायला. मी त्यांना अजून काही सांगितलं नाही.” तिचा आवाज ओल्या कापडासारखा जड झाला होता. “आता एकच उरलाय. म्हातारा.”

म्हातारा म्हणजे डब्यातला सगळ्यात जुना मासा. शेपूट फाटलेली, चाल डुलत डुलत, सून काठाशी बसली की बोटाला तोंड लावायला येणारा. अप्पांचा सगळ्यात लाडका.

पाणीसाहेब ताटावरून उठले. व्याही येणार, तळ्याकडे बघणार आणि म्हणणार, “जन्मभर पाण्यात काढलेला माणूस, आणि याच्या दारात माझे मासे बुडाले?” छे! मेलो तरी चालेल, पण हे नाही!

त्याच संध्याकाळी त्यांनी कुंपणाच्या फटीत गुडघाभर उंचीवर दोरी बांधली, दोरीला रिकामे डबे लटकवले. काकू दारात उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला.

“अहो, तिथनं कुणी येत-जात नाही हो! उगाच कशाला?”

“येत नाही तर तू कशाला घाबरतेस?”

काकू पदर सावरत आत वळली.

सकाळी उजाडता उजाडता पाणीसाहेब पिंपामागे दबा धरून बसले. हातात छत्री, डोक्याला मफलर, गुडघ्यांतून कुरकुर. आत काकू रिकामी भांडी उगाचच इकडची तिकडं करत होती. दोनदा मागच्या दारापर्यंत आली, दोरीकडे बघितलं आणि मागं फिरली.

तेवढ्यात कुंपण सळसळलं!

फटीतून आधी एक मोठा कॅन आला. मग पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा आला. मग दातवाले डॉक्टर आले, आणि लगेच डबे आले! खण्णखडाडधूम! डॉक्टर एका पायावर नाचले, दोन उड्या मारल्या, हवेला मिठी मारायचा प्रयत्न केला आणि सबंधच्या सबंध तळ्यात जाऊन बसले! कॅन मात्र त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवला होता. जणू पुरात वाहून जाताना तान्हं पोर वर धरलंय!

“पकडला!” पाणीसाहेब पिंपामागून उसळले. “रंगेहाथ पकडला! या रे, या सगळे! खुनी सापडला!”

गल्ली जागी झाली. लोक दात घासता घासताच धावत आले, आणि तोंडात ब्रश घेऊन दातवाल्या डॉक्टरांना तळ्यात बसलेलं बघत उभे राहिले. टकलावर शेवाळ, कानामागे उपटलेल्या कमळाचा उरलेला देठ.

“या कॅनमध्ये काय आहे?”

“पाणी,” डॉक्टर म्हणाले.

“पाणी! ऐका! हा माणूस माझ्या घरी पाणी आणतो! पाणीसाहेबाच्या घरी पाणी! का आणत होता?”

डॉक्टरांनी दारात उभ्या काकूकडे पाहिलं. काकूनं आकाशाकडे पाहिलं.

“ते... मला सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. आणि मग एकदम दोन्ही डोळे गच्च मिटून ओरडले, “आई गं! डोळे चुरचुरतायत माझे! काय टाकलंय हो या तळ्यात?”

“म्हणजे वर मलाच विचारता? सूनबाई, पेटी आण माझी! आज सगळ्यांसमोर पाण्याला विचारतो!”

पेटी आली. काठावर नळ्या मांडल्या गेल्या. कॅनमधलं पाणी एका नळीत, तळ्याचं दुसऱ्या नळीत. पाणीसाहेबांच्या बोटांत पूर्वीची सगळी ऐट परत आली. एकेक बाटली उघडली, एकेक थेंब पडला. कॅनमध्ये आम्ल नाही. साबण नाही. शिसं नाही. गुलाबी औषध तर नाहीच नाही.

“चांगलंच पाणी दिसतंय की!” गर्दीतून कुणी तरी म्हणालं.

“दिसतंय! दिसण्यावर जाऊ नका!” पाणीसाहेब चवताळले.

“ती शेवटची बाटली कशाची?” डॉक्टरांनी एक डोळा किलकिला करून विचारलं. “ती नाही वापरलीत.”

“ती विषाची नाही. पाणी शुद्ध आहे की नाही ते तिच्यावरून कळतं. क्लोरीन दाखवते ती. बघा, तुमचंच पितळ उघडं पडेल!”

कॅनच्या पाण्यात थेंब टाकले. रंग बदलला नाही.

“बघा! कच्चं पाणी! एक कण नाही यात क्लोरीनचा! आणि आता आमच्या तळ्याचं बघा!”

तळ्याच्या पाण्यात थेंब पडले मात्र! नळी पिवळी झाली, मग हळदीसारखी झाली, मग पिकल्या संत्र्यासारखी लालसर केशरी झाली!

“पाहिलंत!” पाणीसाहेबांनी नळी उन्हात उंच धरली. त्यांचा चेहरा अभिमानानं उजळला होता. “आमच्या केंद्रातसुद्धा इतका गडद रंग कधी आला नव्हता! या पाण्यात एक जंतू जिवंत राहील तर नाव बदलीन! रोज सकाळी स्वतःच्या हातानं चमचाभर पावडर टाकतो. मासे मरायला लागल्यापासून तर दोन चमचे टाकतो!”

गर्दीतल्या एकाच्या तोंडातला फेस टपकन खाली पडला.

सून उठली. तिनं घमेलं आणलं, डॉक्टरांच्या हातातला कॅन घेतला आणि पाणी त्यात ओतलं. मग तळ्यात हात घालून म्हाताऱ्याला अलगद उचललं. तो कुशीवर कलंडलेला होता, कल्ले पांढुरके, तोंड उघडं. तिनं त्याला घमेल्यात सोडलं आणि दोन्ही तळव्यांच्या ओंजळीत धरून ठेवलं. सगळी गल्ली घमेल्यावर वाकली.

म्हातारा हलला नाही. मग कल्ला हलला. मग फाटकी शेपूट डावीकडे गेली, उजवीकडे गेली, आणि तो सुनेच्या बोटाशी येऊन तोंड लावू लागला.

सुनेनं नाक ओढलं आणि हसली. “अप्पांना एक तरी दाखवता येईल,” ती म्हणाली. मग सासऱ्यांकडे बघून, अगदी मऊ आवाजात, “बाबा, माशांनाही जंतूच समजलात का हो?”

पाणीसाहेबांनी हातातल्या नळीकडे पाहिलं. घमेल्याकडे पाहिलं. गुलाबाखालच्या ओल्या मातीकडे पाहिलं, जिथं एकेक निखारा पुरलेला होता. क्लोरीनच्या वाफांनी त्यांचं नाक तर नोकरीतच निवृत्त झालं होतं. आज प्रथमच त्यांना वाटलं, तळ्याला वास येत असावा. त्यांचे खांदे उतरले. पण भर गल्लीत माघार घ्यायची म्हणजे काय चेष्टा आहे?

“अरे पण!” ते पुन्हा उसळले. “हीच पावडर मी घरच्या टाकीतही टाकतो! संसार मांडल्यापासून हे घर माझ्या हातचं पाणी पितंय! मेलं का कुणी? साधं पोट तरी दुखलं का? आं? आणि डॉक्टर, तुम्ही मुद्दा टाळू नका! कॅन का आणत होता ते सांगा आधी!”

डॉक्टर तळ्यातून उठले. लेंग्यातून पाण्याची धार लागली होती. त्यांनी तोंड उघडलं.

“तुम्ही राहू द्या, डॉक्टर,” काकू पायरी उतरून खाली आली. “माझ्यामुळं आधीच फार भिजलात. मीच सांगते.”

“तू काय सांगणार?”

“मासे कशानं मरतायत ते मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. पण तळ्याचं सांगितलं असतं, तर घरचंही सांगावं लागलं असतं. म्हणून तोंड शिवून बसले, आणि सुनेचे मासे गेले. माझं चुकलंच.” तिनं पदरानं डोळे पुसले आणि एक मोठा श्वास घेतला. “अहो, तुमच्या पाण्यानं मी लग्नापासून फरशी पुसते. कपडे भिजवते, तुमचा निळा सदरा पांढरा झाला तो उगाच नाही. प्यायचं पाणी मी रोज पहाटे त्या फटीतून यांच्याकडून आणते. पूर्वी यांच्या आई द्यायच्या, आता हे देतात. आज तुमच्या दोरीमुळं मला जाता येईना, म्हणून बिचारे स्वतः घेऊन निघाले.”

पाणीसाहेबांनी हातातली नळी काठावर ठेवली. “म्हणजे... तुम्ही सगळे... आणि मी?”

“तुम्हीसुद्धा,” काकू म्हणाली. “जेवून झाल्यावर पेला खाली ठेवून तुम्ही रोज मोठ्यानं म्हणता ना, ‘वा! याला म्हणतात पाणी!’ ते यांच्या विहिरीचं असतं.”