संपतचा फोटो

संपत रोज पहाटे धावायचा आणि परतीच्या वाटेवर रोज जिलेबी खायचा. कॉलेज, अभ्यासिका, पोलीस भरतीचा सराव, सगळं तो नेमानं करी. पण मैदान आणि नारायण पेठेतली त्याची खोली यांच्या मधोमध अनंतरावांचं मिठाईचं दुकान होतं. कढईतली जिलेबी त्याला माहेरच्या वाटेसारखी हाक मारायची. वजन पळण्याआधी होतं त्याहून वाढलं.

मैदानी चाचणी जवळ आली तेव्हा, दुसरी प्लेट संपवून, त्यानं पाकिटातला फोटो काउंटरवर ठेवला.

"काका, हा भिंतीवर लावा. मी कितीही गयावया केली तरी मला काही विकू नका. वर्दी मिळायची असेल तर हेच औषध आहे."

अनंतरावांचा चेहरा उजळला. गिऱ्हाइकाला नाही म्हणण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण गिऱ्हाईक आपण होऊन तशी विनंती करतंय हे सुख नवीनच. त्यांनी फोटो मोठा करून घेतला आणि खाली ठसठशीत लिहिलं : 'या इसमास काहीही विकू नये. का, ते विचारू नये.'

दुसऱ्या दिवशी संपत सवयीनं आला. अनंतरावांनी नुसतं बोट वर केलं.

मग पेठेलाच चेव चढला. शेजारच्या चहावाल्यानं फोटोची प्रत मागून घेतली. त्याचं पाहून बेकरीवाल्या कादरभाईंनी. का, ते विचारायचं नसल्यामुळे पेनं विकणाऱ्यानंही लावला आणि न्हाव्यानंही. संपतला दाढी मित्राच्या आरशात करावी लागे. पण वद्य पक्षातल्या चंद्रासारखा तो दिवसागणिक उतरत गेला.

मधेच त्याची आई सोजरबाई धायरीहून भेटायला आली. चष्मा घरी राहिलेला. भिंतीभिंतीवर लेक पाहून तिनं भर रस्त्यात त्याची दृष्ट काढली.

"निवडून आलास व्हय रं? आन् आईला पत्ता न्हाई."

संपत मैदानात पास झाला, लेखीत पास झाला, यादीत नाव लागलं. आता उरली चारित्र्याची चौकशी. त्यासाठी हवालदार बजरंग भोईटे पेठेत आले. त्यांच्या वर्दीची बटणं पोटावर जीव मुठीत धरून होती. पहिल्याच दुकानात त्यांना उमेदवाराचा फोटो भिंतीवर दिसला. पुढच्यातही. त्याच्या पुढच्यातही. यानं केलंय काय, असं न्हाव्याला विचारलं, तर तेच विचारायचं नाही असं उत्तर आलं. कादरभाई म्हणाले, पोरगा सोन्यासारखा आहे, फक्त आम्ही त्याला दारात उभं करत नाही.

हवालदारांनी संपतला खोलीतून उठवून अनंतरावांपुढे आणलं. संपतनं भिंतीवरच्या स्वतःकडे पाहिलं. वर्षभराचं पळणं या एका फोटोपायी वाया जाणार होतं.

"चोरी की मारामारी?" हवालदारांनी विचारलं.

"जिलेबी," अनंतराव म्हणाले.

सगळी हकिगत हवालदारांनी ऐकून घेतली. त्यांनी फोटोतले गुबगुबीत गाल पाहिले, समोरचा सडसडीत संपत पाहिला, मग खाली वाकून स्वतःचे बूट पाहायचा प्रयत्न केला. ते दिसले नाहीत.

"पोरगा स्वतःवरच पाळत ठेवतो. आणखी काय चारित्र्य पाहिजे?" ते म्हणाले आणि हळूच खिशात हात घातला. "माझाही एक लावाल का?"

"वर्दीतला नको. दुकान जप्त झाल्यासारखं दिसेल."

नेमणुकीचं पत्र आलं त्या सकाळी संपत धावतच दुकानात शिरला.

"काका, अर्धा किलो पेढे."

बोट वर गेलं.

"अहो, आता झालं ना सगळं."

"मुदत लिहिलेली नाही."

संपतनं मान खाली घातली आणि पायरी उतरला.

"थांब." चव बघायला कधी कुणाला शेवेची काडीही न दिलेल्या अनंतरावांनी काउंटरखालून एक पुडा काढला. दोरा आधीच बांधलेला होता. "विकू नये, एवढंच लिहिलंय. हा आईला दे. आणि एक इथंच खा, माझ्यासमोर."

संपतनं पेढा तोंडात टाकला. फोटोला दिसू नये म्हणून अनंतराव मधे उभे राहिले.