मास्तरांची टेप

टेलर मास्तरांनी भल्या सकाळी दुकानामागची वेल उपटली आणि नसती आफत ओढवून घेतली. वेल खिडकीवर चढून बसली होती, उजेड अडत होता. काजं करताना सुई कापडाऐवजी बोटात जायची. मास्तर तसे सावध गृहस्थ. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, हातांना अस्तराच्या चिंध्या गुंडाळल्या आणि वेल मुळासकट काढली. एवढं सगळं सांभाळलं, पण ढीग बांधायला दोरी सापडेना. मग काय, गळ्यातली टेप काढली, भारा आवळला, कचरापेटीपर्यंत ओढत नेला आणि टेप पुन्हा गळ्यात टाकली. शिंप्याची टेप दुसरीकडे राहणार तरी कुठे!

इतक्यात इन्स्पेक्टरसाहेब नवा गणवेश घालून बघायला आले. दुसऱ्या दिवशी परेड होती. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच त्यांना पदक मिळणार होतं. मास्तरांनी त्याच टेपने गळा, छाती, बगल, कंबर सगळं पुन्हा नीट मोजलं.

"उद्या तासभर पुतळ्यासारखं उभं राहायचंय, मास्तर. कुठे काचायला नको."

"काचेल कसा साहेब? अंगावर आहे हेसुद्धा कळणार नाही!"

गणवेश इस्त्रीसाठी दुकानातच ठेवून साहेब गेले आणि समोरच्या रोपवाटिकेतला माळी धावत आला.

"ती वेल कुणी उपटली?"

"मी. का?"

"अहो, विषारी आहे ती! चीक लागला की आज काही नाही, उद्या बघा. लालभडक पुरळ, फोड आणि अशी खाज की माणूस नाचायला लागतो."

"मी हाताला कापड गुंडाळलं होतं," मास्तर ऐटीत म्हणाले.

"कापडालाही चीक लागतो, दोरीलाही लागतो. जिथे लागेल तिथून पुढे पसरतो. लगेच साबण लावून खळखळून धुतलं तरच सुटका. आणि तो ढीग पेटवू नका हं, धूर त्याहून वाईट."

मास्तरांचा हात गळ्याकडे गेला. टेप! साहेबांची बगल! उद्याची परेड!

त्यांनी टेप काठीने उचलून पिशवीत बांधली, गणवेश साबणाच्या पाण्यात बुडवला आणि पोलीस ठाण्यात फोन लावला.

"काय तक्रार आहे?" हवालदाराने विचारलं.

"तक्रार नाही हो. साहेबांना सांगा, ताबडतोब आंघोळ करा."

मग हवालदार हळूच म्हणाला, "हे तुम्हीच येऊन सांगा. मला पोरंबाळं आहेत."

मास्तर धापा टाकत ठाण्यावर पोहोचले. साहेब चौघा अधिकाऱ्यांबरोबर बसले होते. मास्तरांनी देवाचं नाव घेतलं आणि दारातूनच म्हणाले, "साहेब, आंघोळ करा. साबण लावून. बगलेत जरा जास्त."

चौघांनीही खुर्च्या किंचित मागे सरकवल्या. साहेबांचा चेहरा आधी पांढरा, मग तांबडा झाला.

"तुम्हाला माझ्या बायकोने पाठवलं का?"

"नाही हो साहेब! चूक माझी आहे!" मास्तरांनी एका दमात वेल, भारा, टेप, बगल सगळं ओकून टाकलं. साहेबांनी ऐकून घेतलं, एकदा बगलेकडे पाहिलं आणि बैठक तिथेच सोडून घरी पळाले. त्यांना पळताना ठाण्यात आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी गणवेश तीनदा धुतला, वाळवला, त्याला इस्त्री केली आणि दिवेलागणीला पोहोचता केला. जेवण गेलं नाही, झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी परेडच्या मैदानावर ते प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत जीव मुठीत धरून उभे होते. साहेब ताठ. पाच मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. पापणीसुद्धा लवेना. पदक छातीवर लागलं, टाळ्या पडल्या आणि मास्तरांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सुटलो रे बाबा, सुटलो!

परेड संपताच साहेब थेट त्यांच्यापुढे येऊन उभे राहिले.

"मास्तर, अंगावर एक फोड नाही. उपकार झाले."

"छे हो साहेब, माझं कर्तव्यच..."

"पण तासभर समोर बघतोय. अख्ख्या मैदानात एकच माणूस खाजवत होता."

मास्तरांनी मानेवरचा हात झटकन खाली घेतला. मान टोमॅटोसारखी लाल झाली होती.

"काल तुम्ही आंघोळ केलीत का?"

मास्तर आठवू लागले. वेल, फोन, ठाणं, धुणं, इस्त्री... सगळं आठवलं, आंघोळ काही आठवेना.

"हवालदार!" साहेब गरजले. "यांना घेऊन जा. आधी नळाखाली, मग दवाखान्यात."

हवालदाराने हातमोजे चढवले आणि मास्तरांचा दंड धरला. गर्दी बाजूला झाली. मास्तर मात्र चालता चालता मनापासून हसत होते, त्यांना एवढं हलकं वाटत होतं.

"अरेरे," मागे कुणीतरी हळहळलं, "भला माणूस होता. काय केलं हो यांनी?"

"आंघोळ केली नाही," हवालदार म्हणाला.

आणि त्या दिवशी म्हणे बरेच लोक मैदानातून तडक घरी गेले.