तीन नंबरच्या खोलीतले डागाळलेले पेअर

माझ्या बुद्धीला धार इतकी, की विचार करताना मी स्वतःच जरा जपून असतो. नजर अशी, की बंद दाराआड काय चाललंय ते दार उघडताच ओळखतो. अशा माणसाला भावजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यांनी, आपल्या फळांच्या गोदामात बोलावलं तेव्हाच मी ताडलं, प्रकरण गंभीर आहे. (ताई म्हणते, मी घरात बसून तिचं डोकं खात होतो म्हणून पाठवलं. बहिणींना बारकावे कळत नाहीत.)

तीन नंबरच्या थंड खोलीतल्या पेअरवर तपकिरी गोल डाग पडत होते. दर शनिवारी ट्रक जायचा आणि दुकानदार अर्धे क्रेट परत पाठवायचे.

"तिथे निवडीला एकच बाई बसते," भावजी म्हणाले. "या शनिवारीही माल परत आला, तर सोमवारपासून तिला घरी बसवणार."

खोलीच्या दाराबाहेर रिकाम्या क्रेटमध्ये दुपटं अंथरून तिने आपलं आठ महिन्यांचं बाळ बसवलं होतं. पेअरही ती तितक्याच हलक्या हाताने उचलायची.

"दादा, लवकर शोधा हो. बाळासकट मला दुसरीकडे कोण कामावर घेणार?"

"निश्चिंत राहा," म्हणत मी एक पेअर अंगठ्याने दाबून पाहिला. कडक निघाला. साक्षीदार बोलायला तयार नव्हता.

पहिला संशय उंदरावर. पण दातांची खूण नाही, म्हणजे उंदीर बोळका. मी पाण्यात भिजवलेल्या बिस्किटाचा सापळा लावला. मुंग्या आल्या.

दुसरा संशय, एखादा पेअर बाकीच्यांना फितवतोय. एकाला वेगळं बसवून तासभर डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. माझाच डोळा लागला.

मग डाग मोजायला पट्टी नव्हती म्हणून अंगठा ठेवला. तंतोतंत बसला! अंगावर काटा आला. मी ताईला फोन लावला. "ताई, मला जुळा भाऊ होता का गं?"

"तसं असतं तर आई घर सोडून गेली असती," म्हणत तिने फोन ठेवला.

भावजींनी तपासणी वाढवली. वजनवाला, मुकादम, ट्रकवाला, पहारेकरी, भावजी आणि मी, रोज सगळेच माल नरम पडलाय का ते बघू लागलो. डागही वाढू लागले.

शुक्रवारी आम्ही सहाही जण रांगेने आलो. प्रत्येकाने जाता जाता बाळाचा गालगुच्चा घेतला. सहाव्या, म्हणजे माझ्या गालगुच्च्याला बाळाने भोकाड पसरलं.

"पुरे!" बाई ताडकन उठली. "आलं की दाबायचं! याला दाबता, पेअरला दाबता. याला रडता तरी येतं. ते बिचारे मुकाट्याने काळे पडतात!"

भावजींनी एका डागावर आपला अंगठा ठेवला. बसला. मुकादमाचाही बसला.

"याचा अर्थ," मी गंभीरपणे म्हणालो, "आपण सगळेच जुळे आहोत."

कुणी लक्ष दिलं नाही.

"दाबलेले आजच्या आज रसवाल्याला द्या," बाई म्हणाली. "मागच्या रांगेतल्या क्रेटना तुमचे हात लागले नाहीत. उद्या तेच भरा."

शनिवारी ट्रक रिकामा परतला. एकही पेअर परत आला नाही. भावजी हात खिशात कोंबून तिच्यासमोर घुटमळले.

"पण दाबायचं नाही, तर माल पिकलाय की नाही हे मला कळणार कसं?"

"मला विचारायचं."

"रोज?"

बाईने बाळाला कडेवर घेतलं. "सोमवारपासून रोज."