यष्टीमागची लाल गाडी

आमच्या मुरबाडात एक स्पोर्ट्स कार होती. लालभडक, परदेशी, दोनच माणसं मावतील एवढी, आणि जमिनीला इतकी टेकलेली की आत शिरायचं म्हणजे पंगतीला बसल्यासारखं खाली बसावं लागे. या गाडीनं कित्येक वर्षांत एकाही एसटीला ओव्हरटेक केलं नव्हतं.

दर रविवारी सकाळी माळशेजच्या रस्त्याची एसटी स्टँडवरून सुटली की तिच्या मागोमाग ही गाडी निघायची. एसटी थांबली की ही थांबायची. सरळगावला एसटीत माणसं, पाट्या, कोंबड्या चढेपर्यंत ही मागं गुरगुरत उभी. असंच एकदा ती उभी असताना एक बैलगाडी तिला मागं टाकून गेली, हे मी स्वतः पाहिलं आहे. बैल वळून वळून तिच्याकडं बघत होते.

गाडीचे मालक रोकडेभाऊ. तहसील कचेरीत कारकून आणि माझे भिंतीला भिंत लागून शेजारी. मी शाळामास्तर, उलटतपासणी हा माझा धंदा. एकदा न राहवून विचारलं, "भाऊ, ही गाडी विमानासारखी पळते म्हणतात. मग एसटीच्या मागं कशाला फरफटता?"

"यष्टी पुढं असली का खड्डे कळतात, मास्तर," ते म्हणाले. "ती आपटली का आपून ब्रेक मारायचा."

 मी छत्री उचलली आणि शाळेची वाट धरली.

रोकडेभाऊंच्या जगात माणसांचे आणि वस्तूंचे दोनच प्रकार होते. पकड असलेले आणि पकड नसलेले. चप्पल घ्यायला गेले की दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायचे, फरशीवर ओतायचे आणि त्यावर उभे राहून घसरून बघायचे. नवे तहसीलदार आले तेव्हा सगळ्यांनी हात मिळवला. बाहेर आल्यावर भाऊ हळूच म्हणाले, "मानूस भला हाय. पन पकड नाय." माझ्या पुतणीला बघायला मुलगा आला, तर पोहे खायचे सोडून हे अंगणात त्याची स्कूटर बघत बसले. आत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन मागचा टायर पार गुळगुळीत झालाय, आनि गडी तसाच फिरतोय. बघा बुवा." स्थळ चांगलं होतं, आम्ही सोडलं नाही. पण साखरपुड्याआधी त्याला टायर बदलायला लावला.

आता ही असली गाडी कारकुनाकडं आली कशी, ते सांगतो. इथल्या एका कारखान्यातले साहेब परदेशी चालले होते. त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक मिळेना. आमच्याकडं गाडी घेताना माणूस एकच विचारतो, किती बसतील? दहा बसलेल्या जीपला आमच्याकडं रिकामी म्हणतात. दोन सीटच्या गाडीकडं कोण बघणार? साहेबांच्या बंगल्याच्या कागदपत्रांसाठी भाऊंचं तिकडं जाणं-येणं होतं. साहेबांनी अगदी पडेल भावात ती त्यांच्या गळ्यात मारली. मी म्हटलं, "भाऊ, काय करायची ही?"

"आमी दोनच मानसं. हिला शिटा पन दोनच. बरोबर बसतंय," ते म्हणाले.

त्यांना मूलबाळ नव्हतं. हे वाक्य ते हसत बोलले, पण मी काही हसलो नाही.

मग दर रविवारी भाऊ आणि सुनंदावहिनी वैशाखऱ्याला जायला लागले. ते वहिनींचं माहेर. म्हातारी आई तिथं एकटी राहायची. वहिनी डोक्याला पदर घट्ट गुंडाळायच्या, मांडीवर भाजीची पाटी घ्यायच्या, आणि गाडी निघाली की आळीतली पोरं कोपऱ्यापर्यंत मागं धावायची. वहिनी कधी फारसं बोलत नसत, पण त्या सकाळी त्यांचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

पुढं टायर झिजले. आणि कळलं, की त्या मापाचा टायर कल्याणात मिळत नाही, ठाण्यात मिळत नाही, कुणी ते माप ऐकलेलंसुद्धा नाही. तेव्हा भाऊंनी आमच्याकडं सगळे करतात तेच केलं. टायर रिमोल्ड केले. म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा थर चिकटवून घ्यायचा. आमच्या जीपा, ट्रक, ट्रॅक्टर सगळे त्यावरच चालतात. कारागिरानं वर हौसेनं जीपची जाडजूड नक्षी पाडून दिली. भाऊ खूश.

भाताच्या आवणीचे दिवस होते. वैशाखऱ्याच्या अलीकडच्या वळणावर मागच्या टायरचं नवं रबर केळ्याच्या सालीसारखं सोलून निघालं. गाडी रस्त्यावर एक गिरकी घेऊन थेट भाताच्या खाचरात गेली. लावणी करणाऱ्या बाया बाजूला पळाल्या. गाडी चिखलात उभी राहिली ती अशी, की कुणी तिची लावणीच केली असावी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते. वहिनी उतरल्या, चपला हातात घेतल्या, पाटी डोक्यावर घेतली, गुडघाभर चिखल तुडवत रस्त्यावर आल्या आणि मागून येणाऱ्या एसटीला हात केला.

भांडण नाही, टोमणा नाही. पुढच्या रविवारी भाऊंनी गाडीचं दार उघडून धरलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "मला आपली यष्टीच बरी."

तेव्हा रविवारी भाऊ कुठल्या एसटीच्या मागं असायचे, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

मोरोशीजवळ माझा शेताचा एक तुकडा आहे, त्यामुळं मीही बहुतेक रविवारी त्याच एसटीनं जायचो. माझी कंबर अधू, म्हणून मी ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचो. वहिनी मात्र पुढं जागा असली तरी सगळ्यात मागच्या बाकड्यावर. तिथं बसणं म्हणजे उखळात बसणं. मी कितीदा म्हटलं, "वहिनी, पुढं या. मागं फार आपटतं."

"हितंच बरं वाटतं, मास्तर."

वैशाखऱ्याला उतरताना त्यांच्या पदराचं टोक धुळीनं तांबूस झालेलं असायचं. एवढी टापटिपीची बाई, पदर कुठं घासते, याचं मला नवल वाटे.

इकडं भाऊंनी टायरचा ध्यास घेतला. तात्पुरते म्हणून चार चाकांना चार गावचे, मिळत्याजुळत्या मापाचे टायर बसवलेले. जो तो सांगे, "भाऊ, चाकंच बदला. व्हॅनची टाका, टायर पायलीला पन्नास मिळतील."

"चप्पल बसत नाय म्हनून पाय बदलतं का कोन?" भाऊ उसळून म्हणायचे. ती चाकंही देखणी होती हे खरं. चांदीसारखी, बारीक पाकळ्यांची. पण भाऊंचं कारण वेगळं होतं. ते त्यांनी एकदाच मला सांगितलं. "दगा टायरनं दिला, मास्तर. चाकानं नाय. चाक मोडलं असतं तर गाडी उलटली असती. माज्या मानसाला ज्यानं सरळ उभं ठेवलं, ते काढून भंगारात घालू?"

शेवटी आम्ही दोघं एक चाक घेऊन एसटीनं कल्याणला निघालो. भाऊंचं म्हणणं, टायर पसंत करायचा तर चाक सोबत पाहिजे. चाक गोधडीत गुंडाळलं होतं आणि भाऊंनी ते मांडीवर घेतलं होतं, झोपलेलं पोर घ्यावं तसं. कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्याच्यात?"

"चाक."

"गाडीला हायत सहा. आनखी कशाला आनलं?"

लगेजचं तिकीट मात्र फाडलं.

बऱ्याच दुकानदारांनी हात झटकले. एका म्हाताऱ्या शेटनं चाक उलटसुलट करून बघितलं आणि मुंबईच्या कुणाकडून तरी मागवून देतो म्हणाला. महिने गेले. मग एक दिवस माझ्या घरी त्याचा फोन आला, माल आला आहे. येऊन पसंत करा.

दोन जातीचे टायर मांडून ठेवले होते. भाऊंनी आधी त्यांचा वास घेतला. मग नख रुतवून बघितलं. "शिळा नाय ना?" म्हणून कडेवर छापलेली जन्मतारीख माझ्याकडून वाचून घेतली. शेटनं पहिल्या टायरवर थाप मारली. "साब, ये रेस का माल है. दो सौ की स्पीड पे भी रोड को चिपक के चलेगा."

"चाळीसला?" भाऊंनी विचारलं.

"क्या?"

"चाळीसच्या स्पीडला कसा हाय?"

शेटनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

भाऊ थांबेनात. रस्त्यावर कुणी नाचणी वाळत घातली असेल तर? शेणावर गेला तर? घाटातून पाणी वाहून आलं असेल तर? आणि मग जरा आवाज उतरवून, "शेजारी बसलेल्या मानसाला धक्का कळंल का?"

शेटनं चष्मा काढला. "बाजू में कौन बैठेगा, साब?"

"मिसेस."

"बैठती है?"

भाऊ वाकून टायरवरची नसलेली धूळ पुसायला लागले. शेटनं रेसचा टायर पायानं बाजूला सारला. म्हणाला, हा गरम झाल्यावर चिकटतो, आणि तुमच्या चाळीसला तो जन्मात गरम होणार नाही. मग दुसरा पुढं ओढला, खोल खोल खाचांचा. "घरवाली के लिए ये लो. ये पानी फेकता है. दिखावा कम है, धोका नहीं देगा."

गाडी कल्याणला नेऊन चारही टायर त्या जुन्या चाकांवर चढवले. भाऊंनी ती अंगणात आणून लावली आणि घरात गेले. बायकोला चकार शब्द सांगितला नाही. संध्याकाळी मात्र घाबरंघुबरं होऊन माझ्याकडं आले.

"मास्तर, झाडलोट करता करता ती चाकाजवळ थांबली. वाकली. टायरच्या खाचंत बोट घालून बघितलं तिनं."

"मग?"

"आत गेली."

"काही बोलल्या?"

"नाय ना!"

रविवार आला. मी मुद्दाम लवकर स्टँडवर जाऊन बसलो. एसटी लागली, भरली. वहिनींचा पत्ता नाही. कंडक्टरनं विचारलं, "मास्तर, वैशाखऱ्याची बाय नाय आली आज?" ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "लाल गाडी पन नाय दिसत मागं." त्यानं उगाच दोनतीनदा हॉर्न दिला. मग नाइलाजानं गाडी सोडली.

माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. वाद झाला असेल का? कुणाला बरं नसेल? सरळगाव गेलं तरी मागं काही नाही. शेवटी अधू कंबर सांभाळत उठलो आणि मागच्या बाकड्यावर जाऊन बसलो. मागच्या काचेवर धुळीचा थर होता, पलीकडचं काही दिसेना. खिशातून रुमाल काढला आणि काच पुसली.

रुमाल तांबूस झाला. अगदी वहिनींच्या पदरासारखा.

मी तो रुमाल हातात धरून बसलो. एवढी वर्षं ही बाई पाठीची हाडं खिळखिळी करून घेत इथं का बसत होती, ते मला तेव्हा कळलं.

टोकावड्याच्या अलीकडं रस्त्यावर लाल ठिपका दिसला. ठिपक्याची गाडी झाली. आत दोन डोकी होती आणि त्यातल्या एकाला पदर घट्ट गुंडाळलेला होता. मी त्या भरल्या एसटीत मोठ्यानं "आले!" म्हणून ओरडलो. जवळची माणसं दचकली.

गाडी सवयीनं आमच्या मागं येऊन लागली आणि बराच वेळ तशीच चालली. मग वहिनी काहीतरी बोलल्या. हातानं आमच्याकडं, म्हणजे एसटीच्या बुडाकडं दाखवलं. भाऊ मान हलवत होते. वहिनींनी पुन्हा हात केला. आणि रोकडेभाऊंनी हॉर्न वाजवला, गाडी उजवीकडं काढली आणि एसटीला ओव्हरटेक केलं. वेग पंचेचाळीसच्या वर काही नसेल. आमच्या ड्रायव्हरनं एसटी कडेला घेऊन त्यांना हातानं वाट दिली आणि कंडक्टर दांडा सोडून टाळ्या वाजवायला लागला.

मोरोशीला जायचं होतं, तरी मी वैशाखऱ्यालाच उतरलो. गाडी थांब्याजवळ उभी होती. वहिनी पाटी घेऊन आईकडं पुढं गेल्या होत्या. भाऊ बॉनेटला टेकून, घाम पुसत, हसत होते.

"काय म्हणाल्या वहिनी?" मी विचारलं.

"म्हनाली, किती वर्सं ह्या यष्टीचं बूड बघायचं? काढा की पुढं."

मी रुमाल काढून त्यांच्यासमोर धरला. "भाऊ, वहिनी एसटीत मागच्या काचेपाशी का बसायच्या, ठाऊक आहे तुम्हाला?"

भाऊंनी रुमालाकडं बघितलं. त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"म्हाईत हाय की," ते म्हणाले. "म्हनून तर कदी ओव्हरटेक केलं नाय, मास्तर. पुढं गेलो असतो, तर तिला दिसलो असतो का मी?"