दाजींचा खोकला

माझी थोरली बहीण, मालनताई, मंगळवारी सकाळी गेली. त्या रविवारी दाजी नदीवर खोकले नाहीत.

कोपरगावच्या खाली गोदावरीच्या काठाला राखीव रान आहे. तिथं पाणमांजर बघायचं, हा दाजींचा साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यापासूनचा उद्योग. दर रविवारी ते, ताई आणि मी. शनिवारपासून घरात लसूण बंद, कारण जनावराला वास लागतो. रविवारी साबण बंद. रानाच्या फाटकाशी दाजी ताईच्या बांगड्यांवर स्वतःचा रुमाल गुंडाळून गाठ मारायचे. "आवाज न्हाई पायजे. जनावर लई हुशार असतंय."

मग आम्ही चोरासारखे चालायचो. पाणमांजरं वर येतात त्या वळणावर पोचलो की दाजी खोकायचे. उसाच्या ट्रॅक्टरनं चढावर गिअर टाकावा, तसे. पलीकडच्या काठाचे बगळेसुद्धा उडायचे.

"दाजी, दवाखान्यात दाखवा की," रानाचा गार्ड हात जोडायचा.

"धुळीचा हाय. जाऊ द्या. फुडल्या रविवारी."

"घरात कधी खोकत न्हाईत," ताई मला म्हणायची, "वळनावरच बरी धूळ लागती यांना!" आणि गुडघा चोळत परत फिरायची.

ती गेली त्या आठवड्यात घर माणसांनी भरलं होतं. रविवारी पहाटे दाजींनी मला हलवलं. "चला पाव्हनं." मागच्या दारानं निघालो. फाटकाशी त्यांनी खिशातून रुमाल काढला, आणि तसाच परत ठेवला.

वळणावर मी खोकल्याची वाट बघत थांबलो. पाणी हललं. एक पाणमांजर वाळूवर आलं, मागून दोन पिल्लं. अंग झटकून तिथंच लोळायला लागली.

"दाजी, बघा की," मी कुजबुजलो.

दाजींनी मान वर केली नाही.

"ती म्हनली हुती, एकदा पानमांजर दिसलं की माझं येनं बंद. गुडघे लई दुखत्यात." खिशातला रुमाल चाचपत ते म्हणाले, "म्हनून दिसू दिलं न्हाई मी. तरी बंद झालंच की."

पिल्लं पाण्यात उतरली. आम्ही परत आलो.

आता शनिवारी दाजींच्या भाजीत लसूण असतो. रविवारी ते घरी असतात.