चार माणसांपुरता डबा

सावे शहराहून निघताना नुस्रत आगांनी पुढच्या सीटवर बर्फाची पेटी ठेवली, तिला पट्टा लावला, पट्टा दोनदा ओढून पाहिला आणि स्वतः मागे जाऊन बसले.

गाडी त्यांची मुलगी माहरुख चालवत होती. मागे बापाशेजारी धाकटा सियामक होता. वय चोवीस, पाय लांब, त्यामुळे गुडघे जवळजवळ कानाशी.

“बाबा, पेटी डिकीत राहील की. मी पुढे बसतो.”

“ती जागा तुझ्या आईची आहे.”

“आई आता...”

“पेटीत आहे,” नुस्रत आगा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

पेटीत आईच्या हातची घोर्मे सब्जी होती, हिरव्या पालेभाजीत शिजवलेलं मटण आणि राजमा. तूरान खानुम शरद ऋतूत गेल्या. त्यानंतर चाळीस दिवस घरात माणसांची रीघ लागली होती. सांत्वनाला आलेल्यांना जेवू घालावंच लागतं, आणि दुःखात माणसं नेहमीपेक्षा जास्त जेवतात. चाळिसाव्या दिवशी घरात तूरान खानुमच्या हातचं काहीही उरलं नव्हतं, लोणच्याच्या बरण्यांसकट. मग एकदा बर्फ खरवडताना फ्रीझरच्या तळाशी हा डबा सापडला. झाकणावर चिकटपट्टी, पट्टीवर त्यांचं तिरकं अक्षर: ‘घोर्मे सब्जी. चार माणसं.’

नुस्रत आगा एकतीस वर्षं वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते. तागडीत पाच ग्रॅमची खोट असली तरी त्यांना दुकानाच्या दारातूनच कळायची. घरी तागडी नसल्यामुळे ती नजर जेवणावर असायची. पहिला घास, चमचा खाली, आणि निकाल: “मीठ कमी.” हे छत्तीस वर्षं चाललं. तूरान खानुमनी त्यांच्यासमोर मिठाची कुपी ठेवून पाहिली. तिला त्यांनी कधी हात लावला नाही. त्यांची तक्रार मिठाची नव्हती, मापाची होती.

जेवून उठताना रांधणाऱ्याला “तुझे हात न दुखोत” म्हणायची आपल्या इराणात रीतच आहे. चहाचा पेला पुढे सरकवणाऱ्यालाही माणूस ते म्हणतो. पण ज्यानं पहिल्या घासाला मीठ कमी काढलं, त्याच्या तोंडी शेवटच्या घासाला हे वाक्य यायचं कसं? ते छत्तीस वर्षं आलंच नाही. आता डबा एक होता, वाक्य एक होतं, आणि गंजनामेचा धबधबा होता. तो पाहायचं तूरान खानुम अकरा वर्षं म्हणत होत्या आणि नुस्रत आगा अकरा वर्षं “पुढच्या वर्षी” म्हणत होते. तिथे जायचं, सतरंजी घालायची, डबा उघडायचा, चवीबद्दल अक्षर न काढता जेवायचं आणि ते वाक्य म्हणायचं, असा बेत होता.

यासाठी भूक लागते. म्हणून त्यांनी आदल्या दुपारपासून काही खाल्लं नव्हतं, आणि घरात कुणाला खाऊही दिलं नव्हतं.

सहलीतलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ नानची भट्टी ठरलं. गरम खड्यांवरून नान निघत होती, तिघं उभे राहून पाहत होते.

“बघायला हरकत नाही,” नुस्रत आगा म्हणाले.

दुसरं स्थळ जर्दाळूच्या पोळीचा गाडा. तिसरी एक जुनी सराय होती. तिच्या अंगणात लोक टोमॅटो-अंडी खात होते. सियामकनं सराय पाहिली नाही, अंडी पाहिली. गाडीत परतल्यावर तो खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढून खोकल्याच्या आवाजात लपवून फोडू लागला.

“थुंक,” नुस्रत आगा म्हणाले.

“बाबा, एवढीशी बी!”

“तुझ्या आईनं पोटात जागा ठेवायला सांगितलंय.”

“कधी सांगितलं?”

“तिनं चार माणसं लिहिलंय. अर्धपोटी चार माणसं लिहिलेलं नाही.”

शेजारच्या सीटवरच्या पेटीकडे माहरुख अधूनमधून, कॉपी करून पास झालेला विद्यार्थी निकालपत्राकडे पाहील तशी पाहत होती. रस्त्यावरच्या एका उंचवट्यावर गाडी उडाली.

“सावकाश!” मागून ओरडा आला. “सांडेल ती!”

“बाबा,” माहरुख म्हणाली, “फार आशा ठेवू नका हं. इतके महिने बर्फात होतं. चव बदलते.”

“छत्तीस वर्षांत बदलली नाही. सहा-सात महिन्यांत काय बदलायची?”

माहरुखनं पुढच्या उंचवट्यावरही वेग कमी केला नाही.

गंजनामेला पोचले तेव्हा दुपार झाली होती. गुरुवार, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीची सुरुवात असल्यानं गर्दी होती. कातळावर दोन जुन्या राजांचे लेख कोरलेले आहेत. सियामकनं पाटी वाचली. “अडीच हजार वर्षं झाली, बाबा. राजानं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आपण किती थोर, सगळं लिहून ठेवलंय.”

नुस्रत आगांनी लेख नीट पाहिला. “किती माणसांसाठी, ते नाही लिहिलं,” म्हणाले आणि सतरंजी घालायला जागा शोधू लागले.

धबधब्याचे तुषार पोचणार नाहीत पण आवाज पोचेल अशी जागा मिळाली. सियामकनं शेगडी पेटवली. माहरुखनं भात काढला. डबा पातेल्यात रिकामा झाला, झाकणावरची पट्टी नुस्रत आगांनी वर येईल अशी ठेवली. हळूहळू वास सुटला. मेथीचा, वाळलेल्या लिंबांचा, मटणाचा. सियामकला चक्कर आल्यासारखं झालं, ते भुकेनं. नुस्रत आगांना झालं ते कशानं हे त्यांनी सांगितलं नाही.

शेजारच्या सतरंजीवर मलायरचं एक कुटुंब कबाब भाजायच्या तयारीत होतं. सहा माणसं. त्यांची नजर वासाबरोबर इकडे आली. आता समोर जेवण आहे आणि कुणी पाहतंय म्हटल्यावर “या, बसा” म्हणावंच लागतं. ते यायचे नसतात. तीनदा बोलवायचं, तीनदा त्यांनी नको म्हणायचं, आणि दोन्ही घरांची अब्रू शाबूत ठेवून आपापलं जेवायचं. तीनदा हे माप आहे, आणि मापात नुस्रत आगा चुकणारे नव्हते.

“या, बसा ना,” ते म्हणाले. हे एक.

“तुम्हालाच अंगी लागो, आगा,” शेजारची बाई म्हणाली. तिचं नाव इफ्फत खानुम. “आमचे कबाब होतीलच.”

“एवढं सगळं आम्ही तिघं काय करणार?” हे दोन.

“नाही नाही, कशाला त्रास!”

“या की काकू, लाजता काय!” हे सियामक म्हणाला. त्याला वाटलं, बापाला मदत करावी. तिकडे नकार आला, पण आधीच्या दोहोंपेक्षा क्षीण.

नुस्रत आगांच्या हिशेबी त्यांचं तिसरं अजून बाकी होतं. “आता नाही म्हणालात तर मी रागवेन हं,” ते म्हणाले.

ते चौथं होतं. त्याच क्षणी शेजारची शेगडी फुस्स करून विझली. सिलिंडरमधला गॅस संपला होता. इफ्फत खानुमनी कच्च्या कबाबांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, चौथ्या आमंत्रणाचा विचार केला.

“आगा इतका जीव तोडून बोलवतायत,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “ऊठ. माणसाचं मन मोडू नये.”

सहा जण चपला काढून सतरंजीवर आले. खरं तर माहरुखनं बापाला वाचवायला हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदाच रंग आला.

“घ्या ना, काकू. अजून घ्या. मटणाचा तुकडा घ्या. या बाळालाही द्या.”

नुस्रत आगा तिच्याकडे, एखाद्या भरवशाच्या तागडीखाली लोहचुंबक सापडावं तसे पाहत राहिले. पातेलं निम्मं झालं. आता खरं सांगण्यावाचून उपाय नव्हता.

“खानुम,” ते म्हणाले, “माफ करा. हे जेवण माझ्या बायकोच्या हातचं आहे. ती गेली. हे तिचं शेवटचं.”

इफ्फत खानुमचा चमचा हवेत थांबला. डोळे भरले. नुस्रत आगांना वाटलं, सुटलो.

“आणि आज गुरुवार!” इफ्फत खानुम म्हणाल्या. “मेलेल्या माणसांचा दिवस! आगा, तुमचं काळीज सोन्याचं हो. बायकोच्या हातचं शेवटचं अन्न, आणि ते तिच्याच नावानं लोकांच्या मुखी घालताय! आमच्या ह्यांनी माझ्यामागे चण्याचा दाणा वाटला तरी खूप.”

“माझ्यामागे का म्हणतेस? मीच आधी जाईन,” नवरा तोंड भरलेलं असताना म्हणाला.

“तेही तू वेळेवर करणार नाहीस.” एवढं बोलून इफ्फत खानुम उभ्या राहिल्या आणि धबधब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अहो, या इकडे! स्वर्गवासी खानुमच्या नावाचं आहे! एकेक घास घ्या, तिच्यासाठी फातिहा म्हणा!”

मेलेल्याच्या नावाचं अन्न नाकारता येत नाही. आणि ते परत मागणारा माणूस अजून जन्माला आलेला नाही. रांग लागली. तेवढ्यात बुरुजर्दहून निवृत्त शिक्षकांची बस आली. शिक्षकांना रांग दिसली की ते आधी उभे राहतात, कशाची ते नंतर विचारतात.

चार माणसांचा डबा. माहरुख चमच्याच्या टोकानं वाढत होती. सुरुवातीला मटणाचा धागा मिळत होता, मग एक राजमा, मग अर्धा राजमा आणि वाळलेल्या लिंबाचा वास. प्रत्येकजण घास घ्यायचा, फातिहा पुटपुटायचा आणि नुस्रत आगांचे हात हातात घेऊन म्हणायचा, “खानुमचे हात न दुखोत.”

“मीठ तर कसं मोजून घातल्यासारखं,” एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले.

हे तोंडदेखलं, नुस्रत आगा मनात म्हणाले. मेलेल्या बाईच्या रांधण्याला नावं कोण ठेवेल?

रिकाम्या हातानं मात्र कुणी गेलं नाही. कुणी खजूर ठेवले, कुणी काकड्या, अर्धं कलिंगड, नान, पनीर. इफ्फत खानुमनी सगळे कच्चे कबाब आणून ठेवले. अर्ध्या तासात सतरंजीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. नव्हती फक्त घोर्मे सब्जी.

नुस्रत आगांनी माणसं मोजली होती. त्रेचाळीस. त्रेचाळीस जण ते वाक्य म्हणून गेले. ज्यानं म्हणायचं होतं तो तसाच बसला होता, रिकामं पातेलं मांडीवर घेऊन.

“बाबा,” सियामक दबल्या आवाजात म्हणाला, “कडेला थोडं लागलंय बघा.”

नुस्रत आगांनी नानचा तुकडा तोडला. पातेल्याची कड सगळीकडून पुसून घेतली. तो हिरवा घास त्यांनी थोडा वेळ धरून ठेवला. माहरुख उठून चप्पल शोधू लागली.

“बस,” ते म्हणाले.

ती बसली. त्यांनी घास तोंडात घातला. डोळे मिटले. खूप वेळ चावला. डोळे उघडले तेव्हा ते धबधब्याकडे पाहत होते.

“मीठ बरोबर आहे,” ते म्हणाले.

सियामक हसला. “पाहिलंत? छत्तीस वर्षं उगाच...”

“माहरुख,” नुस्रत आगा म्हणाले, “मीठ बरोबर आहे.”

माहरुखनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग बोलली ती त्या हातांमागूनच. “नवरोझच्या साफसफाईत, बाबा. मागची भिंत पुसायची म्हणून फ्रीझरचा प्लग काढला. परत लावायचा राहिला. तीन दिवस. तुम्ही काकांकडे गेला होतात. उघडलं तर सगळं... वास येत होता. नुसती पट्टी वाचली. मग मी तिच्याच पातेल्यात, तिच्यासारखीच भाजी चिरून...”

“म्हणजे,” सियामक म्हणाला, “मी कालपासून उपाशी आहे तो तुझ्या हातच्या जेवणासाठी?”

त्याच्याकडे कुणी पाहिलं नाही. नुस्रत आगांनी झाकण उचललं. पट्टीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

“तिचं कुठे टाकलंस?”

“टाकलं नाही. अंगणातल्या डाळिंबाखाली पुरलं.”

“मग झाड कसं आहे?”

“यंदा फुलं आलीत, बाबा. खूप.”

नुस्रत आगांनी मान डोलावली. “येणारच,” ते म्हणाले. “मीठ कमी होतं ना. जास्त असतं तर झाड जळालं असतं.”

धबधब्याखाली निवृत्त शिक्षक ओळीत उभे राहून फोटो काढून घेत होते. इफ्फत खानुम दुसऱ्या कुणाच्या तरी शेगडीची चौकशी करत होत्या. नुस्रत आगांनी पातेलं खाली ठेवलं, मुलीच्या तोंडावरचे हात काढले आणि धरून ठेवले. भाजी चिरताना डाव्या हाताच्या बोटाला झालेल्या जखमेचा वण अजून गेला नव्हता.

“माहरुख,” ते म्हणाले. “तुझे हात न दुखोत.”

या वाक्याला “तुम्हाला अंगी लागो” असं उत्तर द्यायचं असतं. माहरुखला ते तिसऱ्या प्रयत्नात जमलं.