कडक फिल्टर

नागपूरच्या इतवारी बाजारात साडीचं दुकान चालवणाऱ्या कृष्णकांत निमजेंचा एक दावा होता. गिऱ्हाईक पायरी चढलं, की त्याला काय आवडणार ते आपल्याला कळतं! बाई म्हणते हिरवी दाखवा, कृष्णकांतभाऊ काढतात जांभळी, आणि बाई जांभळीच घेऊन जाते. असा माणूस जगात कशालाही घाबरत नाही. घाबरायला हवं होतं, पण ते पुढे.

त्यांची बायको कामिनी एका सहकारी बँकेत अधिकारी. आठवडाभर ती शांतपणे लोकांची कर्जं नाकारायची आणि रविवार आला की स्वतःच्या कमाईतून घेतलेली जुनी डिझेल जीप काढून नागपूरबाहेरच्या माळरानांवर, आटलेल्या तलावांत, खड्ड्याखुड्ड्यांत घालायची. जीपप्रेमींचा एक क्लबच होता. रस्ता सोडून गाडी चालवणं हा त्यांचा आनंद! नागपुरात रस्त्यावरूनही तसाच आनंद मिळतो, असं कृष्णकांतभाऊंचं म्हणणं होतं. पण ते बायकोसोबत कधी गेले नव्हते.

या मे महिन्यात मात्र उमरेड रोडच्या पलीकडे एका कोरड्या तलावात स्पर्धा ठरली. कामिनीची पहिलीच. त्यात नेमकी जीप धापा टाकायला लागली.

"एअर फिल्टर गेला आहे," कामिनी जेवताना म्हणाली. "तिथं फुफाटा राहते गुडघ्याएवढा. नवीन टाकाच लागते. पण बँकेत ऑडिट चालू आहे, मले जरीपटक्याच्या स्पेअरपार्टच्या बाजारात जायले वेळच नाही."

कृष्णकांतभाऊंनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला.

"मी आणतो ना!"

"तुम्ही?"

"काहून? आतापर्यंत अख्ख्या विदर्भाच्या बायांचं लुगडं निवडलं मी. एक फिल्टर नाही निवडता येत काय?"

कामिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या माणसानं तिच्या जीपबद्दल आपणहून काही बोलायची ही पहिलीच वेळ. तिचा चेहरा असा उजळला, की कृष्णकांतभाऊंना वाटलं, फिल्टरच काय, आपण अख्खं इंजिन निवडून आणू!

"मंग जुना सोबत न्या," ती म्हणाली, "आणि तसाच आणा. तसाच म्हणजे तसाच. कागदी."

"मॅचिंग! समजलं ना वं!"

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतभाऊ कोळशासारखा काळा झालेला जुना फिल्टर पिशवीत घालून, ब्लाऊजपीस घेऊन निघालेल्या नवरीच्या आईसारखे जरीपटक्यात पोचले. सुशीलभाऊंच्या स्पेअरपार्टच्या दुकानाबाहेर त्यांनी सवयीनं बूट काढले. आत ग्रीसचा थर होता. मोजे तिथंच शहीद झाले.

"दाखवा," ते म्हणाले.

सुशीलभाऊंनी एक फिल्टर पुढे ठेवला. "हा घ्या. कागदी. कंपनीचा."

"आणखी?"

"आणखी काय? तुमच्या गाडीले हाच लागते."

"अहो, एकावर कोणी पसंत करते काय? काढा ना वरचे!"

सुशीलभाऊंनी स्पंजाचा काढला. मग लांबट काढला, गोल काढला, ट्रॅक्टरचा काढला. काउंटरवर ढीग झाला. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. कृष्णकांतभाऊ एकेक उजेडात धरत, बोटांत चुरगाळून पाहत आणि "पोत नाही हिच्यात" म्हणून बाजूला सारत. एवढ्यात त्यांची नजर वरच्या फळीवर गेली. लालचुटूक! बारीक बारीक चुण्या, वर जाळीदार सुती कापड, भोवती काळ्या रबराचा काठ!

"ती लाल काढा."

"भाऊ, तो सुती आहे. मापात बसते तुमच्या, पण त्याले संभाळा लागते. त्याचं तेल..."

"रंग जात नाही ना?"

"काय?"

"धुता येते काय?"

"धुता तर येते! धुवून धुवून वापरा, जिंदगीभर चालते. पण धुतल्यावर त्याले तेल..."

"बस!" कृष्णकांतभाऊंनी हात वर केला. "आम्ही कोष्ट्याचे पोरं आहोत सुशीलभाऊ. सुती कापड कसं धुवावं हे तुम्ही आम्हाले सांगून राहिले!"

मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अबे, लग्नाचा बस्ता बांधून राहिला काय?" सुशीलभाऊंनीही विषय वाढवला नाही. डब्यासोबत लाल तेलाची एक छोटी शिशी पिशवीत टाकली आणि हात जोडले. शिशी म्हणजे खरेदीवरची भेटवस्तू असणार असं समजून कृष्णकांतभाऊंनी इतवारीत पोचताच ती आपल्या दुकानाच्या कुरकुरणाऱ्या शटरवर रिकामी केली. शटर लोण्यासारखं सरकू लागलं. काय पण सौदा केला!

शनिवारी दुपारी कामिनी बँकेत असताना त्यांनी मनीषनगरच्या घरी डबा उघडला. फिल्टरला हात लावला तर हात लाल. पांढऱ्या शर्टावर लाल ठसा. कापड तेलानं नुसतं चिकचिक करत होतं!

डागी माल! आपल्याला, साडीवाल्याला, कोणी डागी माल गळ्यात मारला!

परत करायला जायचं? म्हणजे सुशीलभाऊंपुढे नाक कापून घ्यायचं. आणि बायको वाट पाहून राहिली. कृष्णकांतभाऊंनी बाह्या सरसावल्या. तेलाचा डाग काढणं तर डाव्या हातचा मळ! बादलीत रिठ्याचं पाणी केलं, फिल्टर बुडवला, हलक्या हातानं दाबला, पुन्हा बुडवला. पाणी लाल झालं. फिल्टर गुलाबी झाला. तिसऱ्या पाण्यात तर तो अगदीच फिका पडला.

"रंगही कच्चा!" ते करवादले.

आवाज ऐकून त्यांची आई पंचफुलाबाई मोरीपाशी आली. उमरेडला माहेर, तिथं घरात माग, अंगणात ताणा. डोळ्यांनी आता कमी दिसायचं, पण कापडाचा वास आला की म्हातारी उभी राहायची.

"काय धुऊन राहिला गा?"

"कापड आहे, आई. कामिनीच्या गाडीचं."

पंचफुलाबाईंनी बोटांनी चाचपलं आणि तोंड वाकडं केलं. "हे तं मेलेल्या मांजरीसारखं लोळून राहिलं. खळ कोण देईन याले?"

"खळ?"

"मंग? बिनखळीचं कापड गाडीत टिकते काय? हवेनं फाटून जाईन! थांब, भाताची पेज आहे."

मायलेकांना असं एकत्र काम करून किती वर्षं झाली होती! ती पेज गाळून देत होती, तो चुणी चुणी उघडून लावत होता. "इकडं राहिली... तिकडं थेंब आला, पूस..." म्हातारी खुशीत होती. मग फिल्टर गच्चीवर ठेवला. नागपूरचा मे! चहा होईपर्यंत फिल्टर वाळून असा खणखणीत झाला, की नख मारलं तर आवाज यावा. कृष्णकांतभाऊंनी तो स्वतःच्या हातानं जीपमध्ये बसवून वर खटके लावले.

संध्याकाळी कामिनीनं आल्या आल्या विचारलं, "लावला?"

"लावला! एकदम कडक झाला आहे!"

"वा!" कामिनी खूष झाली. नागपुरात कडक म्हणजे झकास. नवरा शब्दशः बोलत असेल, हे तिला कसं कळावं?

रविवारी सकाळी कृष्णकांतभाऊ स्वतः शेजारच्या सीटवर येऊन बसले. आपण लावलेला माल अंगावर कसा दिसतो, हे पाहायलाच हवं ना! मनीषनगर सोडताना जीप जरा कण्हली.

"गाडी आज जड वाटून राहिली," कामिनी म्हणाली.

"मी बसलो ना आज."

ते तिला पटलं. कृष्णकांतभाऊंचं वजनही पटण्यासारखंच होतं.

तलावात जत्रा भरली होती. जीपा, झेंडे, धूळ बसवायला आलेला पाण्याचा टँकर आणि हातात भोंगा घेऊन क्लबचा सूत्रधार पुष्कर. पहिली जीप टेकाडावर चढली, दुसरी चढली. मग भोंगा गरजला, "आता येऊन राहिल्या आहेत कामिनीताई निमजे!"

कृष्णकांतभाऊ उतरून बाजूला उभे राहिले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला म्हणाले, "मिसेस."

कामिनीनं पाय दाबला. जीपनं मोठा श्वास घ्यायचा प्रयत्न केला, अर्धं टेकाड चढली, नळीतून काळाकुट्ट धूर सोडला, खॉक्, खॉक्, खॉक् केलं आणि बंद पडली. मग लाजल्यासारखी हळूहळू मागे घरंगळत जिथून निघाली होती तिथंच येऊन थांबली.

क्षणात जीपभोवती डॉक्टरांची गर्दी! एक म्हणाला डिझेलचा पंप गेला. दुसरा म्हणाला टर्बो. तिसऱ्यानं तर इंजिन खोलावं लागेल असा निकाल देऊन चौथ्याकडे पाना मागितला. दोघं जीपखाली शिरले. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते.

"फिल्टर पाहिला काय?" पुष्करनं विचारलं.

"फिल्टर सोडून सगळं पाहा," कामिनी ठामपणे म्हणाली. "फिल्टर नवीन आहे. आमच्या ह्यांनी स्वतः जाऊन निवडला."

हे म्हणताना तिनं कृष्णकांतभाऊंकडे असं काही अभिमानानं पाहिलं, की ते दोन पावलं मागे सरकले. आतापर्यंत त्यांना काडीचा संशय नव्हता. आता मात्र, का कोण जाणे, पेजेचं पातेलं डोळ्यांसमोर यायला लागलं.

"पंपच असेल," ते बारीक आवाजात म्हणाले.

तेवढ्यात जीपखालून आवाज आला, "अबे, डबा कोणी उघडला? भाताचा वास येऊन राहिला!"

सगळ्यांनी नाकं फुगवली. खरंच! तापलेल्या इंजिनातून, फुफाट्यावरून, घरच्या ताज्या पेजेचा मायाळू दरवळ पसरला होता. कोणाला तरी भूकही लागली. कामिनी मात्र वासाचा माग काढत काढत बॉनेटवर वाकली. खटके उघडले. फिल्टर बाहेर काढला. तो लाल नव्हता, काळा नव्हता, कागदी तर नव्हताच. तिनं त्यावर बोट आपटलं.

टक्. टक्.

"हे काय आहे?"

"खळ," कृष्णकांतभाऊ म्हणाले.

"काय?"

"खळ दिली. आई म्हणे बिनखळीचं टिकत नाही."

तिसऱ्यानं हातातला पाना खाली ठेवला. कामिनीचे ओठ थरथरले. कृष्णकांतभाऊंनी मान खाली घातली. ही आता रडणार. पहिली स्पर्धा, एवढी तयारी, आणि आपण!

कामिनी खाली बसली. चाकाला टेकून, दोन्ही हातांनी तोंड झाकून ती हसत होती! हसता हसता तिला ठसका लागला. "खळ! फिल्टरले खळ! अहो, मंग इस्त्री काहून नाही केली?"

मग सगळा तलावच हसला. जीपखालचे चारही बूट हसून हसून थडथडत होते.

"इंजिन श्वास घेते ना जी त्याच्यातून," पुष्कर डोळे पुसत म्हणाला. "तुम्ही तर त्याचं नाकच शिवलं! आणि तेल कुठं आहे? या फिल्टरले तेल लागते, धूळ त्याच्यातच चिकटते. सोबत लाल शिशी नव्हती काय?"

"होती."

"मंग?"

"आमच्या शटरले फार चांगलं लागू पडलं ते."

पुन्हा हशा उसळला. पण कृष्णकांतभाऊ आता ऐकत नव्हते. त्यांनी फिल्टर उचलला आणि टँकरकडे चालू लागले. नळाची बारीक धार धरून, चुणी चुणी उघडून, कापडाला कुठं ओरखडा न येऊ देता त्यांनी पेजेचा कण न् कण काढला. सिल्कची पैठणीही त्यांनी इतक्या जपून कधी धरली नसेल. उन्हात धरताच फिल्टर वाळला. पुष्करनं आपल्या पेटीतलं तेल दिलं, त्यांनी ते सारखं लावलं आणि पुन्हा हात लाल करून घेतले. या वेळी डागाबद्दल चकार शब्द काढला नाही.

"बसा," कामिनी स्टेअरिंगवरून म्हणाली.

"मी? कायले?"

"पट्टा लावा आणि बसा."

तो फेरा कृष्णकांतभाऊंनी बहुतेक डोळे मिटूनच काढला. टेकाडावर जीप गेली तेव्हा त्यांना फक्त आकाश दिसलं, उतरली तेव्हा फक्त जमीन. मधे एकदा त्यांनी घाबरून शेजारी पाहिलं. कामिनी गात होती! तोंडात धूळ, केसांत धूळ, आणि ही बाई मोठ्यानं गात होती. इंजिनही कसं मोकळ्या गळ्यानं गरजत होतं. बँकेतली कामिनी त्यांना माहीत होती, स्वयंपाकघरातली माहीत होती. ही त्यांनी आजवर पाहिलीच नव्हती. दुसऱ्या टेकाडावर त्यांनी डोळे उघडेच ठेवले.

कामिनीचा महिला गटात तिसरा क्रमांक आला. टाळ्या कडकडल्या, पुष्करनं गळ्यात पदक घातलं. महिला गटात एकूण तिघी होत्या, हे सांगायची तिथं कोणालाच गरज वाटली नाही.

परतीच्या वाटेवर दोघं एका रसवंतीवर थांबले. दोघांच्याही भुवयांवर माती होती. चरकाखाली उसाचा रस एका कापडावर पडत होता आणि त्यातून गाळून भांड्यात. कापड सुती होतं. जुनं, पिवळं पडलेलं, मधोमध विरलेलं. कृष्णकांतभाऊंची बोटं आपोआप पुढे झाली. दोन बोटांत धरून पोत पाहावा, मग दोन शब्द सांगावेत...

पेल्याच्या काठावरून कामिनी त्यांच्याकडे पाहत होती.

"काही म्हणून राहिले काय?"

कृष्णकांतभाऊंनी हात मागे घेतला.

"नाही ना," ते रसवंतीवाल्याला म्हणाले, "बर्फ जरा कमी टाका, भाऊ."